ॲव्हलॉन, मिसिसिपी: जॉन हर्टच्या गावी

आमच्या घरात मिसिसिपी जॉन हर्ट आला तो दादामुळे. दादा यवतमाळला असतो. दिवसभर दुकान सांभाळतो आणि रात्री शटर ओढलं की गिटार घेऊन बसतो. कॉलेजात असताना कुणाकडून तरी एक कॅसेट मिळाली होती, तेव्हापासून तो या एका माणसाच्या मागे आहे. या ऑक्टोबरात तो माझ्याकडे अटलांटाला आला, तर न्यूयॉर्क नको, नायगारा नको. "ॲव्हलॉनला नेशील का गं?" एवढंच विचारलं. मी चार दिवस रजा टाकली.

ज्यांनी हर्टचं नाव ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जॉन स्मिथ हर्ट हा मिसिसिपी राज्यातल्या कॅरल काउंटीतला (काउंटी म्हणजे जिल्हा) कृष्णवर्णीय शेतमजूर, गिटार वाजवून गाणारा. जन्म टिऑकचा, १८९२ की १८९३ यावर अभ्यासकांचं एकमत नाही. वाढला जवळच्या ॲव्हलॉनमध्ये. १९२८ साली त्याच्या काही रेकॉर्डी निघाल्या, फारशा खपल्या नाहीत, आणि तो परत शेतात गेला. पस्तीस वर्षांनी, सत्तरीत, काही तरुण त्याला शोधत दारात आले. पुढची तीन वर्षं तो अमेरिकेभर गायला आणि १९६६ मध्ये गेला. एवढंच चरित्र. पण त्याची गिटार आजही जगभर लोक बोट-बोट मोजून शिकतात.

गुरुवार : अटलांटा ते मेम्फिस

बर्मिंगहॅममार्गे सहा-साडेसहा तास. रस्ता कंटाळवाणा, त्यावर वेळ घालवत नाही. संध्याकाळी मेम्फिसच्या बील स्ट्रीटवर गेलो. निऑनच्या पाट्या, प्रत्येक दारात स्पीकर, एका बँडचा आवाज दुसऱ्यात मिसळलेला. वाजवणारे तयारीचे होते. दादाने दोन-तीन ठिकाणी उभं राहून नीट ऐकलं आणि म्हणाला, "हे मेम्फिसचं झालं. आपला माणूस वेगळा."

तरी सुरुवात मेम्फिसपासूनच करायला हवी होती, कारण हर्टचं पहिलं रेकॉर्डिंग इथलं. १४ फेब्रुवारी १९२८. तो इथवर कसा पोचला ही हकिकत मला सगळ्यात मोलाची वाटते. कॅरल काउंटीत विली नारमोर नावाचा एक गोरा फिडलवादक होता, फिडल म्हणजे व्हायोलिनच. त्याच्याबरोबर शेल स्मिथ गिटार वाजवायचा. खेड्यापाड्यांतल्या नाचांना ही जोडी असायची, आणि शेल स्मिथला जमलं नाही की नारमोर हर्टला बोलवायचा. गोऱ्या आणि काळ्या लोकांचे नळ वेगळे, शाळा वेगळ्या, आगगाडीचे डबे वेगळे, अशा काळातल्या मिसिसिपीतली ही गोष्ट आहे. नारमोरने एक फिडलस्पर्धा जिंकली आणि ओके रेकॉर्ड कंपनीचा टॉमी रॉकवेल त्याला भेटायला गावात आला. आणखी कोणी चांगलं वाजवणारं आहे का, असं त्याने विचारलं. नारमोरने हर्टचं नाव सांगितलं. रॉकवेल घरी गेला, गाणं ऐकलं आणि मेम्फिसचं बोलावणं दिलं.

मेम्फिसला आठ गाणी मुद्रित झाली. त्यातली दोनच बाजारात आली: 'फ्रँकी' आणि 'नोबडीज डर्टी बिझनेस'. नावाआधी 'मिसिसिपी' लावलं ते कंपनीने, खप वाढावा म्हणून. गावात तो नुसता जॉन. त्याच वर्षी डिसेंबरात त्याला न्यूयॉर्कला बोलावलं. तिथे आणखी गाणी झाली, त्यात 'ॲव्हलॉन ब्लूज' होतं. ब्लूज म्हणजे इथल्या कृष्णवर्णीयांचं लोकगाणं. न्यूयॉर्कला आलोय, पण ॲव्हलॉन माझं गाव आणि ते सारखं मनात आहे, असा त्याचा आशय. घरची ओढ लागलेल्या माणसाने डिसेंबरच्या थंडीत केलेलं ते गाणं पुढे त्याच्याच घराचा पत्ता ठरलं. ते रविवारच्या भागात येईल.

१९२९ मध्ये मंदी आली, रेकॉर्डींचा बाजार बसला. हर्टला पुन्हा कुणी बोलावलं नाही.

रात्री हॉटेलच्या खोलीत दादाने गिटार काढली. हर्टचं वादन काय आहे ते जवळून बघायचं तर दादाच्या उजव्या हाताकडे बघावं. अनामिका आणि करंगळी गिटारच्या अंगावर टेकलेली. अंगठा जाड तारांवर एकाआड एक फिरतो, पाचवी, चौथी, सहावी, चौथी, आणि गाणं संपेपर्यंत थांबत नाही. तर्जनी आणि मधलं बोट बारीक तारांवर चाल वाजवतात, पण ठोक्यावर नाही, ठोक्याच्या अलीकडे-पलीकडे. ओसरीवर एक माणूस खुर्चीत बसून पायाने ताल धरतोय आणि दुसरा त्याच्याशी निवांत गप्पा मारतोय, तसं ते ऐकू येतं. दोन्ही माणसं एकाच हातात राहतात, ही गंमत. दादाला अंगठा सुटा करायला वर्ष लागलं होतं. आपण चाल घट्ट धरली की अंगठा तिच्यामागे धावतो, आणि अंगठ्याकडे लक्ष दिलं की चाल मोडते. हर्टच्या गाण्यात कुठेही ही ओढाताण ऐकू येत नाही.

तो हे शिकला लहानपणी. त्यांच्या गावातल्या शिक्षिकेला भेटायला विल्यम कार्सन नावाचा एक गिटारवाला यायचा. तो झोपला की पोरगा त्याची गिटार घ्यायचा आणि कुणी उठू नये म्हणून हळू वाजवायचा. पुढे आईने दीड डॉलरला गिटार घेऊन दिली. मला वाटतं त्या हळू वाजवण्याची सवय त्याच्या हातात जन्मभर राहिली. आवाजही तसाच, शेजारच्या माणसाशी बोलावं इतपत.

शुक्रवार : हायवे ६१, क्लार्क्सडेल

मेम्फिस सोडलं की थोड्याच वेळात जमीन पार सपाट होते. हा मिसिसिपी डेल्टा. नावात डेल्टा असलं तरी नदीचं मुख इथून फार दूर आहे. मिसिसिपी आणि याझू या दोन नद्यांमधला हा पूरमैदानाचा पट्टा, हजारो वर्षांच्या गाळाने भरलेला. ऑक्टोबर म्हणजे वेचणीचे दिवस. पण रानात माणूस नाही. हिरवी यंत्रं एका दमात सहा-सहा तासं वेचून मागून प्लास्टिकात गुंडाळलेले गोल गठ्ठे सोडतात, पिवळे आणि गुलाबी. रस्त्याच्या कडेला कापसाचं पुंजकं-पुंजकं अडकलेलं. दादाने गाडी थांबवायला लावली, धुऱ्यावरून एक बोंड तोडलं, सरकी चिमटीत दाबून पाहिली, धाग्याची लांबी ओढून बघितली. आमचे आजोबा यवतमाळच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होते, त्यामुळे ही सवय आम्हा सगळ्यांना आहे. "माणसं कुठं गेली सगळी?" तो म्हणाला.

माणसं शिकागोला गेली, डेट्रॉइटला गेली. क्लार्क्सडेलच्या डेल्टा ब्लूज म्युझियममध्ये मडी वॉटर्स या ब्लूजगायकाचं स्टोव्हॉल मळ्यावरचं घर आणून ठेवलंय. जाड ओंडक्यांच्या भिंती, एक खोली. १९४१ मध्ये लोकगीतं गोळा करणाऱ्या ॲलन लोमॅक्सने त्याचं गाणं मळ्यावर येऊन मुद्रित केलं आणि १९४३ मध्ये मडी शिकागोला गेला. तिथल्या गोंगाटात ऐकू जावं म्हणून विजेची गिटार घेतली आणि पुढच्या साऱ्या रॉक संगीताला वळण लावलं. डेल्टाच्या संगीताचा इतिहास बहुतेक अशाच माणसांचा आहे. निघून गेलेल्यांचा.

हर्ट गेला नाही. रेल्वेवर काही महिने काम केलं तेवढंच. तिथे वॉल्टर जॅक्सन नावाच्या कामगाराकडून त्याने हातोड्याचं एक गाणं उचललं, तेच पुढे 'स्पाइक ड्रायव्हर ब्लूज' झालं. लोककथेतला रेल्वेकामगार जॉन हेन्री हातोडा मारता मारता मेला, मी मरणार नाही, हा हातोडा कॅप्टनला नेऊन द्या आणि सांगा मी गेलो, असं म्हणणाऱ्या कामगाराचं ते गाणं. सगळं एकाच जी कॉर्डवर, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या एकाच जुळणीवर. इतकं शांतपणे काम सोडून जाणारा माणूस मी दुसऱ्या कुठल्या गाण्यात ऐकलेला नाही.

म्युझियममधली माणसं प्रेमाने बोलतात, दोन-तीन तास सहज जातात. रात्री एका ज्यूक जॉइंटला, म्हणजे नाचगाण्याच्या साध्या अड्ड्यावर गेलो. लाल दिवे, घसरडी फरशी, पंचवीसेक माणसं. म्हातारा गिटारवाला एकच कॉर्ड धरून वीस मिनिटं दळत होता आणि कुणालाही ती बदलावी असं वाटत नव्हतं. हा खरा डेल्टा. जड, घासलेला, छातीत बसणारा. दादा डोळे मिटून ऐकत होता. पण हर्टच्या गाण्यात हा भार का नाही, हा प्रश्न तिथेच डोक्यात बसला.

शनिवार : टटवायलर, मनी, ग्रीनवुड

क्लार्क्सडेलहून दक्षिणेला टटवायलर. १९०३ च्या सुमाराला संगीतकार डब्ल्यू. सी. हँडी इथल्या स्टेशनवर गाडीची वाट बघत होता आणि एका फाटक्या माणसाला सुरी तारांवर दाबून गिटार वाजवताना त्याने ऐकलं. स्टेशन आता नाही. पाटी आणि भिंतीवरची चित्रं बघून पुढे निघालो.

पुढच्या मनी या खेड्यात थांबायचं होतंच. ब्रायंट्स ग्रोसरी नावाचं एक दुकान इथे होतं. ऑगस्ट १९५५ मध्ये शिकागोहून नातेवाइकांकडे आलेला चौदा वर्षांचा एमेट टिल या दुकानात गेला. दुकानदारणीशी आगळीक केली असा आळ आला, काही दिवसांनी रात्री त्याला घरातून उचलून नेलं आणि हालहाल करून मारलं. ज्युरीने आरोपींना सोडलं, आणि पुढे त्यांनी एका मासिकाला पैसे घेऊन खुनाची कबुली दिली. दुकानाच्या भिंती वेलींनी गिळल्या आहेत, छप्पर नाही. समोर रुळ आणि रुळांपलीकडे रान. आम्ही काही बोललो नाही. इथून ॲव्हलॉन फार तर पंधरा मैल.

हे अंतर मला महत्त्वाचं वाटतं. हर्टबद्दल लिहिताना लोक त्याचा गोड स्वभाव, तपकिरी हॅट, मिस्कील हसू याबद्दल भरभरून लिहितात. ते खरंच आहे. पण तो माणूस या पंधरा मैलांच्या आत सत्तर वर्षं जगला, हेही सोबत लिहायला हवं. त्याच्या 'लुइस कॉलिन्स'मध्ये एका तरुणाचा खून होतो, आई रडते, देवदूत त्याला घेऊन जातात, आणि चाल मात्र पाळण्यासारखी हळुवार. सूड नाही, आरोळी नाही. इथे उभं राहून ते गाणं आठवलं तेव्हा त्यातला संयम मला पहिल्यांदा नीट कळला.

मनी रोडवरच, ग्रीनवुडच्या बाजूला, लिटल झायन चर्चच्या आवारात रॉबर्ट जॉन्सन या ब्लूजगायकाच्या थडग्याचा दगड आहे. १६ ऑगस्ट १९३८ ला तो ग्रीनवुडजवळ वारला, सत्तावीस वर्षांचा होता. मोठं झाड, त्याखाली नाणी, बाटल्या, पिक (गिटारच्या तारा छेडायच्या पट्ट्या). त्याच्या नावावर सैतानाशी सौदा केल्याच्या कथा इतक्या चढल्या आहेत की गाणं बाजूला पडतं. आम्ही पाच मिनिटं थांबलो.

ग्रीनवुडमध्ये संध्याकाळी हॉट टमाले खाल्ले. मक्याच्या सालीत गुंडाळलेलं पीठ आणि मांस, तिखट पाण्यात उकळलेलं, सोबत खारी बिस्किटं. शेतावर आलेल्या मेक्सिकन मजुरांकडून हे इथे आलं असं सांगतात. दादाने दुसऱ्यांदा मागवले.

ग्रीनवुड १९६३ मध्ये धगधगत होतं. कृष्णवर्णीयांची मतदारनोंदणी करायला तरुण कार्यकर्ते इथे आले होते. काउंटीने गरिबांना मिळणारं सरकारी धान्य बंद करून टाकलं होतं आणि फेब्रुवारीत गावाबाहेर जिमी ट्रॅव्हिस या कार्यकर्त्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. ६ जुलैला बॉब डिलन आणि पीट सीगर हे लोकगायक इथल्या एका शेतावर येऊन गायले. त्याच महिन्याच्या शेवटी न्यूपोर्टच्या फोक फेस्टिव्हलमध्ये, म्हणजे लोकसंगीताच्या महोत्सवात डिलन होता आणि हर्टही होता. एक जण मिसिसिपीत येऊन गेला, दुसरा मिसिसिपीतून बाहेर पडला, दोन्ही एकाच जुलैत. दादाला हे जुळवून दाखवलं तर तो जेवता जेवता थांबला.

रविवार : ॲव्हलॉन

सकाळी लवकर निघालो. ग्रीनवुडहून हायवे ७ ने उत्तरेकडे दहा-बारा मैल. आणि या रस्त्यावर माझ्या प्रश्नाचं उत्तर डोळ्यांसमोर आलं. डाव्या हाताला डेल्टा, क्षितिजापर्यंत कापूस आणि सोयाबीनची सपाट रानं. उजव्या हाताला भिंतीसारख्या टेकड्या चढलेल्या. वाऱ्याने उडून आलेल्या मातीच्या या टेकड्या, दाट झाडी, आणि झाडीवर कुडझूच्या वेलीचं पांघरूण. १९३० च्या दशकात जमिनीची धूप थांबवायला ही जपानी वेल सरकारने लावली, आता ती विजेच्या खांबांवरही चढते. रस्ता नेमका दोन्हींच्या शिवेवरून जातो.

ॲव्हलॉन या शिवेवर आहे. म्हणजे हर्ट डेल्टाचा नाहीच, तो काठावरचा. खाली सपाटीवर मोठे मळे, शेकडो कुळं आणि मुकादम. वर टेकड्यांत लहान लहान शेतं, काळे आणि गोरे दोघंही गरीब, एकमेकांच्या नाचांना फिडल आणि गिटार वाजवणारे. त्याच्या गाण्यांच्या यादीतही हे दिसतं. त्यात ब्लूज आहे, तसं चर्चचं गाणं आहे, 'स्टॅक ओ' ली'सारखं खुनाचं कवन आहे, आणि १९०० च्या एका बँडच्या तुकड्यावरून आलेलं 'क्रिओल बेल'ही आहे. शनिवारच्या रात्री लोकांनी नाचावं म्हणून लागणारं सगळं. डेल्टाचा ब्लूजगायक स्वतःबद्दल गातो. हर्ट खोलीतल्या माणसांसाठी वाजवतो. म्हणून तो अंगठा थांबत नाही. थांबला तर नाचणाऱ्यांचे पाय थांबतील.

हायवेच्या फाट्यावर मिसिसिपी ब्लूज ट्रेलची निळी पाटी आहे. बाकी गाव म्हणावं असं काही उरलेलं नाही. दुकान नाही, पंप नाही.

१९६३ मध्ये इथे स्टिन्सनचं दुकान होतं. त्याआधी १९५२ मध्ये हॅरी स्मिथने फोकवेज कंपनीसाठी जुन्या रेकॉर्डींचा संच काढला होता, त्यात हर्टची दोन गाणी होती. शहरांतल्या तरुणांनी ती पाठ केली आणि हा माणूस कधीच मेला असणार असं धरून चालले. वॉशिंग्टनच्या डिक स्पॉट्सवुडला 'ॲव्हलॉन ब्लूज' ऐकायला मिळालं. चालू नकाशात ॲव्हलॉन नव्हतं. एकोणिसाव्या शतकातल्या ॲटलासमध्ये ग्रीनवुड आणि ग्रेनेडाच्या मध्ये ते सापडलं. त्याचा मित्र टॉम हॉस्किन्स गाडी काढून आला आणि दुकानासमोर बसलेल्यांना जॉन हर्टबद्दल विचारलं. सरळ वर जा, तिसरी टपालपेटी, असं त्यांनी सांगितलं.

दार उघडणाऱ्या हर्टला वाटलं हा पोलीस किंवा एफबीआयचा माणूस. मी काय केलं म्हणून आलाय? आणि वॉशिंग्टनला चल म्हटल्यावर, नाही म्हटलं तरी हा नेणारच, मग आपणहून जावं, असा त्याने विचार केला. ही हकिकत बहुतेक ठिकाणी विनोद म्हणून सांगतात. काल मनी बघून आल्यावर मला ती विनोदी वाटत नाही. एका अनोळखी गोऱ्या तरुणाने १९६३ च्या मिसिसिपीत काळ्या म्हाताऱ्याचं दार ठोठावलं होतं.

घरात गिटार नव्हती. हॉस्किन्सने आपली दिली. पस्तीस वर्षांनी मुद्रित झालेली ती गाणी आणि १९२८ ची जुनी, दादाने दोन्ही एकापाठोपाठ गाडीत लावली. आवाज थोडा खाली उतरलाय, लय किंचित सैल झालीय. अंगठा तोच. मधल्या वर्षांत त्याने गुरं राखली, दुसऱ्यांच्या शेतात राबला, आणि गावच्या कार्यक्रमांना मागून आणलेल्या गिटारीवर वाजवत राहिला. या वर्षांना 'हरवलेली वर्षं' म्हणतात ते मला पटत नाही. शेजाऱ्यांनी ऐकलंच की. फक्त शेजारी रेकॉर्ड काढत नव्हते.

डांबरी सोडून आम्ही टेकडीच्या कच्च्या रस्त्याला लागलो. लाल-पिवळी माती, दोन्ही बाजूंनी झाडं वाकलेली, फोनला रेंज नाही. चर्चहून परतणाऱ्या एका वयस्कर बाईंनी गाडी हळू करून काच खाली केली. "जॉन हर्टकडे निघालात?" त्यांना सांगावं लागलं नाही, या रस्त्याला परक्या गाड्या त्याच्यासाठीच येतात. दफनभूमी कुठे ते सांगितलं, आणि पाऊस आला तर परत फिरा, चिखलात गाडी रुतते, असं बजावलं.

घराबद्दल विचारल्यावर त्यांनी नुसती मान हलवली. हर्टचं तीन खोल्यांचं, पत्र्याचं, एकामागे एक खोल्या असलेलं घर त्याची नात मेरी फ्रान्सिस हर्ट राइट यांनी वाचवलं होतं. ते मूळ जागेवरून हलवून त्याचं संग्रहालय केलं होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये, राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत नाव लागल्यालागल्या, ते आगीत गेलं. आम्ही तिथे रस्त्यावरूनच पाहिलं. रिकामी जागा आणि वाढलेलं गवत. दादा फोटोंमधून त्या घराच्या ओसरीच्या फळ्यासुद्धा ओळखत होता. त्याने कॅमेरा बाहेर काढला नाही. मला राग आला, कुणावर ते माहीत नाही. ज्या खोल्यांच्या मापाचं हे संगीत होतं त्या खोल्याच आता नाहीत.

सेंट जेम्स दफनभूमी झाडीत आहे. साधा दगड, भोवती ओक आणि गमची पानं पडलेली. दगडावर नाणी, पिक, एक तुटलेली तार गुंडाळून ठेवलेली, आणि मॅक्सवेल हाऊस कॉफीचा डबा. हर्टच्या 'कॉफी ब्लूज'मध्ये ही कॉफी आहे. त्यातल्याच शब्दांवरून 'लव्हिन स्पूनफुल' या साठच्या दशकातल्या गाजलेल्या बँडने आपलं नाव घेतलं. दादाने खिशातून शुक्रवारी तोडलेलं कापसाचं बोंड काढून डब्याशेजारी ठेवलं. डासांनी फार वेळ थांबू दिलं नाही.

गिटार काढली ती खाली फाट्यावर, पाटीजवळ, गाडीला टेकून. 'स्पाइक ड्रायव्हर' वाजवलं. तेव्हा लक्षात आलं की उघड्यावर हा आवाज टिकत नाही. हॉटेलच्या खोलीत जो अंगठा भिंतीवरून परत येत होता, तो इथे रानावरून निघून जात होता. एक ट्रक गेला की मधल्या दोन ओळी गायब. दादा गाडीच्या मागच्या सीटवर जाऊन बसला, दारं लावून घेतली, आणि पुन्हा पहिल्यापासून वाजवलं. तिथे ते बरोबर बसलं. मी पुढच्या सीटवरून ऐकलं, बाहेर कापूस आणि समोर टेकडी.

सोमवार : ग्रेनेडा आणि परत

हायवे ७ नेच पुढे ग्रेनेडा, ग्रीनवुडहून तीसेक मैल. वॉशिंग्टनमध्ये राहून झाल्यावर हर्ट आपल्या बायकोसह, जेसीसह, इथे परतला आणि २ नोव्हेंबर १९६६ ला इथल्या इस्पितळात हृदयविकाराने गेला. बघण्यासारखं इथे काही नाही. एका उपाहारगृहात नाश्ता करताना त्या शेवटच्या तीन वर्षांची उजळणी केली.

जुलै १९६३ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी रेकॉर्डिंग झालं, त्याच महिन्यात न्यूपोर्टला हजारो माणसांसमोर तो खुर्चीत बसून गायला. वॉशिंग्टनच्या ऑन्टॅरिओ प्लेस कॉफीहाऊसमध्ये नेमाने वाजवायचा. टीव्हीवर जॉनी कार्सनच्या 'टुनाइट शो'त दिसला. पीडमाँट आणि व्हॅनगार्ड कंपन्यांनी तबकड्या काढल्या. न्यूपोर्टच्या लोकांनी हवी ती गिटार निवड म्हटलं तर त्याने गिल्ड कंपनीची साधीशी गिटार घेतली. फेब्रुवारी आणि जुलै १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात शेवटची रेकॉर्डिंग झाली, ती १९७२ मध्ये बाहेर आली. त्याच्या पश्चात हक्क आणि पैसे यांवरून वर्षानुवर्षं खटले चालले. आयुष्यभर मजुरी केलेल्या माणसाच्या घरच्यांना कोर्टात उभं राहावं लागलं हे वाचताना त्रास होतो.

सन हाऊस आणि स्किप जेम्स हे जुने ब्लूजगायकही असेच १९६४ मध्ये सापडले. दोघंही थोर, पण दोघांच्याही हातांवर वय आणि आजार दिसत होते. हर्टच्या हातांवर दिसले नाहीत. दादाचं म्हणणं, हळू वाजवणाऱ्याचे हात टिकतात. माझं म्हणणं, त्याला रोज शनिवारचे नाचणारे लोक डोळ्यांसमोर दिसत असणार. आम्ही यावर अलाबामाची हद्द लागेपर्यंत वाद घातला.

कुणाला जायचं असेल तर ऑक्टोबरचा शेवट बरा, उकाडा कमी असतो आणि कापूस फुटलेला असतो. पेट्रोल आणि पाणी ग्रीनवुडलाच घ्या, नकाशा फोनवर आधी उतरवून ठेवा. टेकडीवरचे रस्ते खासगी जमिनींतून जातात, फाटक दिसलं तर उघडू नका. दगडावरच्या वस्तू उचलू नका. मनी वगळू नका, मुलं सोबत असली तरी. आणि निघण्याआधी १९२८ ची गाणी ऐका, आधी 'ॲव्हलॉन ब्लूज', मग 'लुइस कॉलिन्स', मग 'स्पाइक ड्रायव्हर'. १९६६ ची परतीच्या रस्त्यासाठी ठेवा.